गच्चीवरची खोकी आणि भावजींचा पंप

टोमॅटोचे शेंडे वळलेले दिसले त्या सकाळी मी आधी जिन्याचं दार गच्चीकडून लावून घेतलं. झाडं बघायची सोडून दार कशाला लावलं म्हणाल, तर खाली आमचे मालक दात घासत होते, आणि दात घासून झाले की ते सरळ गच्चीवर येणार हे मला ठाऊक होतं. त्यांच्या छातीत स्प्रिंग टाकून अजून फार महिने झाले नव्हते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, जिना हळूहळू चढू देत, पण डोकं तापू देऊ नका. डॉक्टरांना काय जातंय सांगायला! ज्या माणसाचं डोकं स्वतःच्या लग्नाच्या मांडवात तापलं होतं, त्याला मी कुठल्या बर्फात नेऊन ठेवू?

आणि ही खोकी म्हणजे त्यांचा जीव होता. जन्मभर कसबा बावड्याच्या कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस. दवाखान्यातून घरी आल्यावर नुसता खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, मग करायचं तरी काय? एक दिवस मोबाईलवर कुठंतरी बघितलं आणि लागले कामाला. जुन्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, लोखंडी अँगलचे पाय जोडून घेतले आणि कमरेएवढ्या उंचीचे वाफे तयार केले. उभ्यानं खुरपायचं, वाकायचं कामच नाही. आत जाड प्लॅस्टिक, पाणी जायला तळाला भोकं. माती, कुजलेलं शेण, आणि कारखान्यात रस गाळून मागं राहते ती जुनी, मुरलेली मळी. भरायला दोन गडी लावले, पण मापं सगळी यांची. रोपं लावताना स्टीलची पट्टी घेऊन बसले. मी म्हटलं, "अवो, वांगं हाय ते, बोल्ट न्हाय." तर म्हणाले, "म्हणूनच तुझी वांगी वाकडी येत्यात."

टोमॅटो, वांगी, गवार, काकडी. कडेनं पातीचा कांदा. आणि शेवटच्या खोक्यात मका, कारण यांना पावसात भाजलेलं कणीस खायचं होतं आणि तेही स्वतःच्या गच्चीवरचं. शेजारची बाई विचारायची, "काकू, वर नवीन टाकी बसवलीय काय?" झाडं जशी वर आली तसा माणसाच्या तोंडावर रंग आला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता भावजींचं सांगते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते मुरगूडच्या बाजूला आमच्या गावी शेती करतात. माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला, पानं मांडलेली, माणसं बसलेली, आणि या दोघा भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपलं. आमचा वाटा दुसऱ्याला कसायला दिला होता. हे म्हणाले, माझ्या पाळीचं पाणी तू तोडलंस. ते म्हणाले, तुमच्याच गड्यानं माझी पाळी खाल्ली. खरं कोणाचं, खोटं कोणाचं, मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून दिवाळीचा फराळ बंद, जत्रेचं आवतण बंद. रस्त्यात गाठ पडली तरी हे दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचे.

हे दवाखान्यात होते तेव्हा मात्र भावजी आले. शहाळ्यांची पिशवी घेऊन दारातच उभे राहिले. यांनी भिंतीकडे तोंड केलं, पण जा असं म्हणाले नाहीत. माझ्यासारखीला तेवढं पुरलं. पुढं पुतणीचं लग्न ठरलं, आणि एक दिवस भावजी मोटारसायकलवरून घरी हजर.

"आण्णा, साखरपुड्याला घरचं थोरलं माणूस म्हणून तुम्ही बसायचं," भावजी म्हणाले. "आबा असतं तर तुम्हाला तरास दिला नसता."

यांनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "बघू." आणि लगेच, "चल, वर खोकी दावतो."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्यांचं 'बघू' कळतं. ते होकाराचं होतं. पण कच्चं होतं, नुकतं धरलेलं.

वर गेल्यावर भावजी कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. "आण्णा, ही शेती हाय का वडापावच्या गाड्या?"

"तुझ्यासारखा कमरेचा काटा ढिला करून घ्यायची हौस न्हाय मला."

दोघं हसले. मी जिन्यात उभी होते, मला हातातल्या कपबश्या खाली ठेवाव्या लागल्या.

शेतकऱ्याची नजर ती. भावजींनी गवारीचं पान उलटं केलं आणि म्हणाले, "मावा पडलाय की."

"मला विष मारायचं न्हाय हितं."

"विष कोण मारतंय? घरचा निंबोळी अर्क हाय. उद्या पंप घेऊन येतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवरचा पंप मोटारसायकलच्या मागं बांधून आले. सगळी खोकी फवारली. मग झुणका-भाकरी खाल्ली, आणि दुसरी भाकरी यांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात टाकली. त्यानंतर दोनच दिवस गेले असतील आणि मी दार लावून गच्चीवर उभी होते.

शेंडे खाली वळले होते. टोमॅटोच्या कोवळ्या फांद्या पिळल्यासारख्या, पानं अरुंद होऊन आत गुंडाळलेली. वांगी तशीच, गवार तशीच. काकडीचा वेल तर कोणी मुरगाळून ठेवावा तसा. मी मनाला म्हटलं, बोकड्या असेल, पानं आकसणारा विषाणूचा रोग. मग नजर कांद्याकडे गेली. कांद्याची पात ताठ. मक्याकडे गेली. मका सरळ, हिरवागार, त्याला कसलं काही झालेलं नाही.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. उसाला तणनाशक मारतात, त्यातलं एक असं असतं की रुंद पानाचं तेवढं मरतं आणि उसासारखं लांब पातीचं राहतं. माझ्या माहेरी शेजारच्या उसावर ते मारलं होतं आणि वाऱ्यानं आमच्या वांग्यांवर आलं होतं. हाच पीळ, हीच गुंडाळी. म्हणजे भावजींनी ज्या पंपानं उसाला मारलं त्याच पंपातून अर्क मारला. आता यात दोन गोष्टी निघतात. एक, पंप नीट धुतला नाही. दुसरी मी ओठांवर आणत नाही, पण ती मनात आली. खोटं कशाला सांगू, आली.

दारावर थाप बसली. "दार का लावलंस?"

"कबुतरं येत्यात."

"कबुतरं जिना चढून येत्यात व्हय? उघड."

उघडलं. ते आले. एकेका खोक्यापाशी थांबत गेले. पान हातात धरायचे, सोडायचे. शेवटी मक्याच्या खोक्याला टेकले आणि म्हणाले, "मारलं त्यानं."

"अवो, बोकड्या असंल."

"बोकड्या टोमॅटोला, काकडीला, गवारीला एकाच दिवशी ईल? मी काय कारखान्यात नुसता डबा खाऊन आलोय? पाण्याची पाळी मारली, आता ही मारली. हसून मारली."

"बसा तुम्ही आधी."

"न्हाय बसत. त्याला सांग, पोरीच्या साखरपुड्याला दुसरा थोरला बघ."

खाली गेल्यावर त्यांनी मोबाईल घेतला. मी समोर गोळी आणि पाणी घेऊन उभी. मनात एकच, उचलू नका भावजी, बांधावर असा, विहिरीवर असा, कुठंही असा, पण फोन उचलू नका. रिंग जात राहिली. नाही उचलला. यांनी फोन पलंगावर टाकला. "रविवारी आवतण द्यायला येणार हाय न्हवं? बरंच झालं. तोंडावरच सांगतो."

रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगायला बसले तर तुमचाही जीव घाबरेल. माणूस जेवत होता, पण चव सांगत नव्हता. मीठ जास्त झालं तरी बोलेना. एरवी मीठ जास्त झालं तर आमच्या घरात पंचायत बसते! गच्चीवर जायचं सोडलं. मी जाऊन बघून यायची, झाडं आणखी पिळत चालली होती. भाजीचं एक पानही खाली आणलं नाही मी, कोण जाणे त्यात काय उतरलंय. आणि दर वेळी खाली आले की यांच्या छातीकडे बघायची, श्वास कसा चाललाय.

मला वाटलं, भावजींना सरळ विचारावं. पण विचारणार कसं? 'पंप धुतला होता का' एवढं म्हटलं की त्यांना वाटणार, वैनी मला चोर ठरवतात. तेही याच घरचे, डोकं त्यांचंही काही थंड नाही. म्हणून मी जावेला फोन लावला, हे आंघोळीला गेलेले बघून.

"आक्का! आज कशी आठवण झाली?"

"सहजच गं. पोरीची साडी झाली का?"

"झाली की. मोरपंखी घेतली. तिला अबोली पायजे हुती, पण सासरच्यांचा रंग मोरपंखी म्हणं. आत्तापासनंच नाचवायला लागल्यात."

"ऊस कसा हाय?"

"ऊस बरा हाय. मागल्या आठवड्यात तणनाशक मारलं ह्यांनी."

"कुठल्या पंपानं?"

मग म्हणाली, "आक्का, पंपाचं का विचारताय?"

"असंच गं."

"आमच्यात एकच पंप हाय." तिचा आवाज खाली गेला. "ह्यांना काय विचारू नका हं सध्या. रानात कायतरी बिघडलंय, डोकं ठिकाणावर न्हाय. दोन दिस झालं, जेवायला बसलं की ताट सरकवत्यात. मला सांगत बी न्हाईत. साखरपुडा तेवढा नीट होऊ दे, मी यल्लमाची वटी भरीन."

बाथरूममधल्या पाण्याचा आवाज थांबला तशी मी फोन ठेवला. हाती काय लागलं? पंप एकच. बस. ते मी सांगायला गेले तर हे म्हणणार, बघ, म्हणजे त्यानंच मारलं. उलट आगीत तेलच. मी गप्प बसले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते. शेजारणीनं विचारलं सुद्धा, काकू बरं नाही का.

रविवारी सकाळी मोटारसायकलचा आवाज आला. हे इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसलेले, कोणाला तरी कामावरून काढायचं असावं तसे. भावजी आत आले, हातात नारळ आणि कुंकवाची पुडी. पायाला हात लावायला वाकले, यांनी पाय मागं घेतले. भावजींच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, पाणी ठेवा चहाचं. मी आधी मावा गेला का बघून येतो."

हे म्हणाले, "थांब." पण भावजी निम्मा जिना चढले होते. शेतकरी माणूस, आधी पीक बघणार, मग पाणी पिणार. मी गॅस तसाच सोडून मागोमाग पळाले. माझ्या मागं हे. मी म्हणतेय, "हळू, हळू या," आणि ऐकतंय कोण?

वर भावजी पहिल्या खोक्याजवळ उभे होते. नारळ अजून हातातच. ते टोमॅटोला हात लावत नव्हते, नुसते बघत होते. मग वांग्याकडे वळले. मग एकदम मक्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळलं की माणसाला ही गोष्ट या क्षणी समजतेय, याआधी नव्हती. तसं तोंड ठरवून करता येत नाही.

"काय बघतोस?" हे दारातून म्हणाले. दम लागला होता. "तुझंच काम हाय. नीट बघ."

"आण्णा," भावजी म्हणाले, "ह्ये माझ्या पंपानं झालं."

"ते मला ठावं हाय. मुद्दाम का न्हाय, तेवढं सांग."

भावजींनी मान वर केली. मला वाटलं, आता नारळ आपटतात आणि जातात. मी मध्ये शिरले, "भावजी, अवो..." तर त्यांनी हातानं मला थांबवलं.

"त्या दिवशी अर्क उरला हुता," ते म्हणाले. "घरी जाऊन वांग्याला मारला. बांधाकडच्या सगळ्या सरी अशाच वळल्यात. मी बियाणाच्या दुकानात जाऊन त्या माणसाची गचांडी धरून आलो, खोटं बी दिलंस म्हणून. चार माणसांत. आणि त्यो बिचारा म्हणतोय, साहेब, असं बी नसतंय." त्यांनी मोबाईल काढला आणि फोटो लावून पुढं केला. "बघा."

यांनी मोबाईल घेतला, हात लांब केला, डोळे बारीक केले. "चष्मा आण."

आता मला सांगा, या दोघांना तिथं सोडून मी चष्मा आणायला जायचं? पण गेले. टीव्हीवर नाही, देवळीत नाही, उशीखाली नाही. चहाचं पाणी उकळून गॅसवर सांडत होतं ते बंद केलं. वरून आवाज येतोय का म्हणून कान देऊन उभी राहिले, तर काहीच आवाज नाही. चष्मा सापडला यांच्याच जुन्या सदऱ्याच्या खिशात. कसा तरी जिना चढले.

दोघं होते तसेच उभे होते. यांनी चष्मा लावला आणि फोटो बघितला.

"ही तुझी वांगी?"

"मग कुणाची? मागं आपली विहीर दिसती न्हवं."

यांनी बोटानं फोटो मोठा केला. वांग्यावरून सरकवत मागं विहिरीवर नेला आणि तिथंच थांबले.

"कठडा पडलाय."

"व्हय. मागच्या पावसात."

"बांधला न्हाईस?"

"एकट्यानं कसा बांधू?"

यांनी मोबाईल परत दिला. कांद्याच्या पातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पंप धुतला न्हवतास?"

"धुतलाता की! दोन डाव धुतला."

"काय धुतलंस? आणलायस का?"

"गाडीलाच हाय. दुरुस्तीला टाकणार हुतो, दट्ट्या धरंना झालाय."

"आण हिकडं."

भावजी पंप घेऊन आले. यांनी खुर्ची मागितली, पाना मागितला, मोजे मागितले. मी स्वयंपाकघरातले भांडी घासायचे रबरी मोजे दिले, गुलाबी. ते घालून यांनी पंप खोलला. टाकी बाजूला, नळी बाजूला, दांडीची मूठ बाजूला. प्रत्येक रबरी वायसर फडक्यावर एका ओळीत मांडला. नळीचं तोंड उलटं धरलं तर पिवळट थेंब ओघळले. वास आला, तोच, माझ्या माहेरच्या बांधावरचा.

"टाकी धुतलीस," हे म्हणाले. "नळीत आणि वायसरच्या मागं तसंच हाय. रबर पितं असलं. कारखान्यात आम्ही लाईन धुताना नुसतं पाणी सोडत न्हवतो." मग माझ्याकडे न बघता, "धुवायचा सोडा आण."

भावजी फरशीवर उकिडवे बसले होते. "आण्णा, झाडं उपटून टाकतो मी. पुरून येतो लांब. खोक्यात महिना-दोन महिने काय लावू नका, नुसतं पाणी द्या."

"माहिती हाय मला."

"तुमचं नुकसान झालं."

"तुझं बी झालं की." आणि नळी झटकत, "दुकानदाराला जाऊन भेट. गचांडी धरलीस न्हवं?"

"जातो."

झाडं उपटून झाली. मका आणि कांदा यांनी ठेवायला लावला, खायला नाही, नुसता उभा. रिकामी खोकी बघून मला रडू येत होतं, पण ही वेळ रडायची नव्हती. अजून कोणी साखरपुड्याचं नाव काढलं नव्हतं. नारळ आणि कुंकवाची पुडी टोमॅटोच्या रिकाम्या खोक्यात पडली होती. भावजींनी ती उचलली, झटकली, आणि पुढं धरायचा धीर त्यांना होईना. मला दिसत होतं. मी यांच्याकडे बघतेय, हे नळीकडे बघताहेत.

शेवटी भावजी नारळ तसाच धरून म्हणाले, "द्या आण्णा, पंप जोडा. घेऊन जातो."

"न्हाय," हे म्हणाले. "सगळी वायसरं बदलायला लागत्यात. दुकानं आज बंद हाईत. हितंच राहू दे. साखरपुड्याला येताना घेऊन येतो."

भावजींच्या हातातला नारळ मीच घेतला. कोणी तरी घ्यायला हवा होता.

साखरपुड्याला आम्ही गाडी करून गेलो. माझ्या अंगावर ठेवणीतलं जरीचं लुगडं, यांच्या डोक्याला फेटा, आणि दोघांच्या मध्ये तो पंप. नवीन वायसर घातलेला, आणि वर लाल रंगाचा जाड पट्टा मारलेला. हा फक्त उसाला, असं यांनी भावजींना गाडीतून उतरल्या उतरल्या बजावलं, नमस्काराच्या आधी. मांडवाच्या दारात नवरदेवाकडचे एक वयस्कर पाव्हणे उभे होते. फेटा बघितला, पंप बघितला, आणि भावजींना विचारलं, "हे कोण म्हणायचं?"

भावजी यांच्या हातातून पंप घेत म्हणाले, "आमचं थोरलं हाईत. फिटर हाईत."